आतून कडी लागणारी खोली

मी बोलतेय, घराच्या मधोमध असलेली बिनखिडकीची खोली. हातभर जाड काँक्रीटच्या भिंती, लोखंडी दार आणि कडी फक्त आतून. मागच्या वादळात म्हाताऱ्या गवंड्याची बायको कोसळत्या छपराखाली गेली, तेव्हा त्याने मला स्वतःच्या हातांनी बांधली. लोक म्हणाले, म्हातारा जिवंतपणीच थडगं बांधतोय. तो सळया बांधत राहिला.

पाच वर्षं मी अडगळ सांभाळली. फाटकी गादी, रिकामे डबे, सायकलचं चाक. सून मात्र मला वेगळ्याच कामासाठी ओळखू लागली. नवऱ्याचा हात उठला की ती लेकीला घेऊन आत यायची. नवरा ट्रक चालवायचा. चारचौघांत साखरेसारखा गोड, घरात साक्षात जमदग्नी. त्याच्या लाथांनी माझ्या दाराला पोचे पडले. म्हातारा बाहेर मान खाली घालून बसायचा.

त्या दुपारी वादळाचा भोंगा वाजला, तेव्हा ट्रकची किल्ली सापडत नाही म्हणून तो तिला बदडत होता. तिचे दोन दात पडले होते. म्हाताऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा मुलाला ढकललं, सुनेला आणि नातीला आत लोटलं, स्वतःही आत शिरला आणि कडी लावली. मुलगा पहार घेऊन दारावर तुटून पडला. तेवढ्यात छप्पर उडालं, आणि शिव्यांच्या विनवण्या झाल्या.

"मरू दे," म्हातारा म्हणाला. हात मात्र त्याने कडीवरून काढला नाही.

सून रक्त गिळत म्हणाली, "उघडा बाबा. त्याचं किंचाळणं मला जन्मभर ऐकायचं नाही."

दार किलकिलं होताच वाऱ्याने ते हिसकावलं. म्हाताऱ्याची दोन बोटं चौकटीत चिरडली. मुलगा पहारीसकट आत कोसळला. बाप, मुलगा आणि सून अशा तिघांनी रेटून दार लावलं. दम परत येताच मुलाने बायकोचे केस धरले आणि तिचं डोकं माझ्या भिंतीवर आपटलं.

म्हाताऱ्याने धड हाताने पहार उचलली आणि पोटच्या पोराच्या खांद्यावर घातली. बाहेर घर फुटत होतं, तरी ते हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

"पुन्हा हात लावलास तर दुसराही मोडीन," तो म्हणाला. मग भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

वादळ ओसरल्यावर दार उघडलं, तेव्हा अख्ख्या घरातली उभी होते ती एकटी मीच. पोलीस आले. म्हाताऱ्याने सांगितलं, "मारलं मीच. का मारलं, तेही लिहून घ्या." शेजारी हळहळले, आम्हाला काय कल्पना!

खांदा बरा झाल्यावरही मुलगा परत आला नाही. माझ्याभोवती पत्र्याचं नवं घर उभं राहिलं. मोडक्या बोटांचा म्हातारा दर महिन्याला माझ्या बिजागरीत तेल घालतो, सून त्याला भात कालवून देते.

बाबांनो, वादळ यायचं असलं की भोंगा वाजतो. घरातल्या मारहाणीला भोंगा नसतो, पण शेजारच्या भिंतीतून ती ऐकू येते. माझ्या भिंती जाड होत्या, तरी मला ती ऐकू यायची. तुमच्या तर विटांच्याच आहेत. तेव्हा जाऊन दार ठोठावा.