येताना पाव आण

आमच्या गल्लीत खुर्च्या-सोफे दुरुस्त करणारे बाप-लेक होते. त्यांच्या सोफ्यांची कव्हरं मी शिवायची, आणि माझं शिवणाचं दुकान नि त्यांचं दुकान यांच्यामधली भिंत नुसत्या फळ्यांची, त्यामुळे त्यांची भांडणं मला बसल्या जागी ऐकायला मिळायची. बाप कापड ताणून धरायचा, लेक खिळे ठोकायचा. हे काम एकट्याचं नव्हेच. एकानं जरा ढिलं सोडलं की दुसऱ्याचा खिळा वाकडा, आणि मग एकमेकांचा उद्धार सुरू. दोघांच्या तोंडात बारीक खिळे धरलेले, म्हणून शिव्यासुद्धा दात न उघडता द्यायचे.

दुकानाच्या कोपऱ्यातल्या टीव्हीवर संध्याकाळी एक जुनी विनोदी मालिका पुन्हा पुन्हा लागायची. रंगारी बाप आणि त्याचा रंगारी मुलगा, एका खोलीत, कायम एकमेकांच्या जिवावर उठलेले. दर भागात मुलगा पिशवी उचलून म्हणायचा, "बाबा, मी चाललो. कायमचा." बाप पेपरातून मान वर न काढता म्हणायचा, "जा की. येताना पाव आण." आणि भाग संपायच्या आत पोरगं काखेत पाव घेऊन दारात हजर. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. हे दोघे मात्र पोट धरून हसायचे.

पुढे यांची भांडणंही तशीच मिटायला लागली. लेक हातोडी आपटून "मी चाललो" म्हणायचा, बाप पाव आणायला सांगायचा, आणि थोड्या वेळानं दोघे चहात पाव बुडवत बसलेले दिसायचे. माफी मागायची वेळ कुणावरच येत नसे. बाईमाणूस नसलेल्या घरात एवढं जमलं, हेही नसे थोडके.

मग लेकाला दूरच्या शहरात, मोटारींच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. त्यानं आधी मला सांगितलं.

"मावशी, लोक आता सोफे दुरुस्त करत नाहीत, फेकून देतात. इथं काही राहिलेलं नाही. पण बाबा नको म्हणाले तर मी नाही जाणार."

तिशीला टेकलेला बाप्या, पण बापापुढे शेळी.

दुसऱ्या दिवशी मी कव्हरं द्यायला गेले, तेव्हा त्यानं माझ्यादेखतच विषय काढला.

"बाबा, मी चाललो. म्हणजे खरंच. तिकडे नोकरी मिळालीय. सोमवारी हजर व्हायचंय."

बापानं एका हातातलं कापड सोडलं नाही. दुसऱ्या हातानं तोंडातले खिळे एकेक करून काढले आणि स्टुलावर ठेवले. मग हसून म्हणाला, "जा की. येताना पाव आण."

"बाबा, मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठं करतोय? ताजा बघून आण."

पोराचा चेहरा खर्रकन उतरला. रविवारी तो बॅग घेऊन निघाला, तेव्हा बाप टीव्हीसमोर बसून होता, उठलासुद्धा नाही.

"मावशी, मी गेलो काय नि राहिलो काय, त्यांना सगळं सारखंच," लेक मला म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी तिकडे जाऊन तोंडाचा पट्टा सोडला. म्हातारा कापड गुडघ्याखाली दाबून एकटाच खिळा मारायला बघत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मला त्याच्या पहिल्याच वाक्याला कळलं होतं. बापाला आवाज कळत नाही होय?"

"मग हसलात कशाला?"

"दुसरं काही बोलायला गेलो असतो तर रडलो असतो. आणि मला रडताना बघून तो गेला नसता. इथं राहून काय, माझ्यासारखं म्हातारं व्हायचं त्यानं?"

"मी सांगते त्याला फोनवर."

"सांगू नका. रागावलाय म्हणून तिथं टिकेल. कळलं तर पहिल्या गाडीनं परत येईल."

एवढं बोलून तो माझ्यासमोरच रडायला लागला. माझ्याच्यानं तिथं थांबवेना.

संध्याकाळी माझ्या दुकानात लेकाचा फोन आला. पोचलो, खोली बरी आहे, काम जमेल, असं सगळं सांगून झालं. फळ्यांच्या भिंतीपलीकडे म्हाताऱ्याच्या हातोडीचा आवाज थांबला होता.

"मावशी, बाबा माझ्याबद्दल काही म्हणतात का?"

"नाही रे," मी म्हटलं. "मजेत आहेत."

"वाटलंच," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं मला हे कधीच विचारलं नाही.