चौदा तासांची खुर्ची

"विमान सकाळी दहाला सुटतं आणि दुपारी दोनला धाकट्या बहिणीकडे पोचतं," आत्याने सगळ्यांना सांगून टाकलं. "चार तास. तेवढ्यात माझे दोन झंपरसुद्धा शिवून होत नाहीत."

भाऊ पोट धरून हसला. "ताई, चौदा तास लागतात. दोन वाजतात ते तिकडच्या घड्याळात. साधी वेळ कळत नाही आणि म्हणे एकटी जाते. काही जायचं नाही."

परदेशातली ती बहीण फोनवर म्हणाली होती, "आता माझ्याने येणं होत नाही गं, तूच ये." आत्या गेली नाही तर दोघींची भेट पुन्हा होणार नव्हती.

आत्या शिवणकाम करणारी. चुकलं की उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, एवढं तिला ठाऊक. तिने भाचीला बोलावलं. "चिमणे, मला नीट समजाव. घाई करू नकोस."

चिमणीने खिडक्या लावल्या, चेंडूवर खडूने दोन ठिपके काढले आणि आत्याच्या हातात टॉर्च दिला. "हे आपण, ही धाकटी आत्या." तिने चेंडू हळूहळू फिरवला. "बघ, आपण उजेडात आलो, ती अजून अंधारात. तिचं घड्याळ आपल्यापेक्षा दहा तास मागे आहे. आणि अंतर बारा हजार सहाशे किलोमीटर. विमान तासाला नऊशे जातं. भाग दे."

आत्याने आधी बोटांवर मोजून पाहिलं, मग खडूने फरशीवरच भागाकार मांडला. "चौदा. म्हणजे मी उतरेन तेव्हा इथे मध्यरात्र आणि तिथे भर दुपार. आता कुणीही विचारा."

"डोक्याचं झालं," भाऊ म्हणाला. "गुडघ्यांचं काय? एका खुर्चीत चौदा तास निघतील?"

"उद्या बघ. आणि लांबून नको, शेजारी बसून बघ."

दुसऱ्या दिवशी चिमणीने तीन खुर्च्या खेटून मांडल्या, पुढ्यात कपाट सरकवलं. पाय पसरायला जागा नाही. नियम तिनेच केला: पाय मोकळे करायला दारापर्यंत जाऊन यायचं, आडवं व्हायचं नाही. दहाच्या ठोक्याला आत्या बटणांची काजं करायचं कापड घेऊन मधल्या खुर्चीत बसली. उजवीकडे भाऊ, डावीकडे चिमणी.

दुपारपर्यंत भावाने चारदा कूस बदलली. "कोपर काढ ना तुझं."

"विमानात शेजारी असाच असणार. सवय कर."

"मला कुठे जायचंय?"

"मग कुरकुरतोस कशाला?"

ऊन उतरलं तेव्हा भाऊ कमरेवर हात ठेवून उठला आणि कॉटवर आडवा झाला. "परीक्षकच उतरला वाटेत," चिमणी म्हणाली. आत्या दारापर्यंत जाऊन आली. गुडघा ठणकत होता. तिने तो चोळला, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही.

दिवे लागल्यावर भाऊ म्हणाला, "पुरे गं ताई. पटलं मला. ऊठ आता."

"विमान मध्येच उतरवतोस होय रे?" आत्याने सुईत नवा दोरा ओवला. "अजून बराच समुद्र बाकी आहे."

भाऊ कॉटवरून उठला. मग फोन घेऊन पुन्हा तिच्या शेजारी येऊन बसला. "तिकीट काढतो. खिडकीशी जागा सांगू?"

"वाटेच्या कडेची सांग. उठताना मला कुणाला विचारायचं नाही."