खिशावरची अक्षरं

आमचे डॉक्टर म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं पारडू सरळ करायचे आणि घरी येऊन त्याच हाताने माझ्याकडून चहाचा कप घ्यायचे. मध्ये साबण असायचा, पण तरी. लग्न ठरवताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. 'मुलगा डॉक्टर आहे' एवढंच सांगितलं होतं आणि माझ्या मावशीने 'कशाचा?' असं विचारल्यावर सगळ्यांनी विषय बदलला होता. तेव्हापासून मी ह्यांना डॉक्टरच म्हणते. आधी चिडवायला म्हणायचे, मग सवय झाली, आणि कधीतरी त्यातलं चिडवणं आपोआप गळून गेलं.

इकडे आल्यावर डॉक्टर मांजरांची नखं कापायला लागले.

त्याला इलाज नव्हता. इथली परीक्षा दिल्याशिवाय परदेशी माणसाला जनावराचा डॉक्टर म्हणून काम करता येत नाही, आणि परीक्षा देईपर्यंत पोट थांबत नाही. म्हणून ते एका दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले. काचेचं दार, जमिनीत बसवलेला वजनकाटा, मागच्या खोलीत भिंतभर पिंजरे, आणि सगळीकडे फिनेल आणि ओल्या केसांचा वास. कुत्री धरायची, पिंजरे धुवायचे, ऑपरेशनच्या वेळी मालकीणबाईंच्या हातात हत्यारं द्यायची. मालकीणबाई स्वतः डॉक्टर. उंच, हळू आवाजात बोलणाऱ्या, पाण्याचा ग्लास मागतानासुद्धा 'कृपा करून' म्हणणाऱ्या.

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "पगाराची अपेक्षा किती?"

आमचे डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते बघा."

हे बावळटपणाने म्हटलेलं नव्हतं. तिकडे आयुष्यभर ह्यांची प्रॅक्टिस याच वाक्यावर चालली होती. अवघडलेली गाय मोकळी झाली की गोठ्यातला माणूस विचारायचा, 'डॉक्टर, किती?' हे बादलीत हात धूत म्हणायचे, 'द्या काय ते.' मग तो माणूस घरात जाऊन बायकोशी कुजबुजून बाहेर यायचा आणि द्यायला हवेत त्याहून थोडे जास्तच द्यायचा, वर पेरू नाहीतर खरवसाचा चीक. कमी दिले तर उद्या गावात तोंड कसं दाखवायचं, ही काळजी त्याची असायची. डॉक्टरांना आकडा बोलायची वेळच कधी आली नाही.

मालकीणबाईंनीही योग्य वाटेल ते बघितलं. त्यांना योग्य वाटलं ते.

डॉक्टरांनी तीन वर्षं परीक्षेचा अभ्यास केला. न्हाणीघराच्या दारावर कुत्र्याच्या हाडांचा तक्ता चिकटवलेला होता. दात घासताना मीही तो वाचायचे आणि अजून निम्मा मला पाठ आहे. मी काही शिकलेली नाही. शिवणसुद्धा जुने कपडे उसवून उसवून शिकले आणि त्याच जोरावर इकडे कपडे दुरुस्त करायच्या दुकानात लागले. दोघांच्या कमाईत भाडं भागायचं, बस. पण ह्यांच्या अभ्यासामागे एक हिशेब होता आणि तो आम्ही दोघं सोडून कुणाला माहीत नव्हता. सासूबाई तिकडे एकट्या. इथल्या नियमाप्रमाणे आईला कायमचं आणायचं तर मुलाचा पगार अमुक इतका पाहिजे. मदतनिसाचा पगार त्या आकड्याच्या गुडघ्यापर्यंतच पोचत होता. डॉक्टरचा डोक्यावरून गेला असता.

दर रविवारी फोनवर सासूबाई विचारायच्या, "मग, मी कधी येऊ? का नकोच येऊ?"

"अहो आई, असं काय बोलता? परीक्षा होऊ द्या," मी म्हणायचे.

"माझी परीक्षा बघताय होय."

डॉक्टर पास झाले त्या दिवशी दवाखान्यात केक कापला. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर ह्यांना पांढराशुभ्र कोट घातला. खिशावर इकडच्या लिपीत, निळ्या दोऱ्याने भरलेली अक्षरं: डॉक्टर. खाली ह्यांचं आडनाव, एक अक्षर चुकवून. "तुम्ही आता आमच्या घरचेच," त्या म्हणाल्या. टाळ्या झाल्या. घरी आल्यावर मी कोट उलटा करून भरतकाम बघितलं. मशीनचं होतं, पण दोरा चांगला होता.

"आणि पगार?" मी विचारलं.

"होईल ना. आजच्या आज कसं होईल?"

आजच्या आज झालं नाही, त्या महिन्यात झालं नाही, पुढच्याही नाही. डॉक्टर आता स्वतः सुया टोचत होते, टाके घालत होते, कागदांवर सह्या करत होते, आणि संध्याकाळी पिंजरेही धूत होते. शेवटी मी त्यांना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि मालकीणबाई झाले.

"बोला, काय काम आहे?"

"काही नाही, सहज आलो होतो."

"डॉक्टर, तुम्ही सहज नाही आलात. पगाराचं बोलायला आलात."

"अगं, पण एकदम पगारावर कसं येणार? आधी इकडचं तिकडचं काही..."

"ती बाई इकडचं तिकडचं बोलत नाही. आकडा बोला."

ते आकडा बोलले, पण इतक्या हळू की कुकरची वाफ जास्त ऐकू आली.

"अहो, पगार मागताय का माझ्या मैत्रिणीचा नंबर?"

"तू मध्ये मध्ये विनोद करू नको. आधीच मला घाम फुटलाय."

तीन-चारदा करून घेतलं. शेवटच्या वेळी त्यांनी आकडा नीट, माझ्या डोळ्यांत बघून सांगितला. मी खूश होऊन चष्मा वर करणार, तेवढ्यात म्हणाले, "म्हणजे... तुम्हाला जमेल तसं."

मी चष्मा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले ते अपराधी चेहऱ्यानेच.

"विचारलंत?"

"बोलावलं."

"कशाला?"

"जेवायला. शनिवारी. अगं, तिने विचारलं, बायको कशी आहे. मग तोंडातून निघूनच गेलं."

आता घरी जेवायला आलेल्या माणसाकडे काही मागायचं नसतं, हे मला वेगळं सांगायला नको. पानावर बसलेल्याकडे तर मुळीच नाही. म्हणजे ह्यांनी मागण्याची जागाच लिंपून टाकली होती. तरी मी मनाशी ठरवलं, हे नाही बोलले तर मी बोलेन.

मालकीणबाई शनिवारी आल्या, फुलं घेऊन. आमच्या एका खोलीच्या घराला सुंदर म्हणाल्या. तिखट बेताचं केलं होतं, ते दोनदा मागून घेतलं. निघताना त्यांच्या लोकरी कोटाचं अस्तर बाहीपाशी फाटलेलं मला दिसलं. दिसल्यावर माझ्याने राहवतं होय? तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला आणि तिथेच बसून, शिवण कुठून गेली ते कळणार नाही असं शिवून दिलं.

त्यांनी पर्स उघडली. "किती झाले?"

"राहू द्या हो, घरचंच काम आहे," मी म्हणाले.

डॉक्टर दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग छताकडे. दार लागल्यावर म्हणाले, "मागून टाकलंस ना सगळं?"

"गप बसा."

"नाही, आकडा स्पष्ट ऐकू आला मला."

त्या रात्री आम्ही भांडी घासताना फार हसलो.

पंधरवड्याने मालकीणबाईंनी आणखी दोन कोट दुरुस्तीला ह्यांच्या हाती पाठवले. या वेळी मी दुकानात घेते तेवढे पैसे एका चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी कोटाला टाचली. टाचताना हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी पाकीट आलं. पूर्ण पैसे, आणि मालकीणबाईंचा निरोप, "मागच्या वेळी तुम्ही घेतले नाहीत, मला अवघडल्यासारखं झालं होतं. कामाचे पैसे घ्यायलाच हवेत."

"बघा," मी डॉक्टरांना म्हणाले. "मागितलं की देते. वाईट नाहीये बाई. तुम्ही मागितलंच नाहीये."

त्यातच दवाखान्यात एक नवीन डॉक्टर लागला होता, इथलाच, नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला. मुलगा चांगला. मांजराने ओचकारलं की ह्यांनाच हाक मारायचा. एके दिवशी डबा खाताना तो रडगाणं गायला लागला की मालकीणबाई फार चिकट आहेत, एवढ्याशा पगारात राबवून घेतात, आणि त्याने 'एवढासा' आकडा सांगितला. आमच्या डॉक्टरांचा घास हातातच राहिला. ह्यांच्या पगाराच्या दुपटीहून तो जास्त होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, खरंच कमी आहे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मागितलं. तालीम न करता, 'सहज आलो' न म्हणता, सरळ खोलीत जाऊन. आकडा बोलले आणि पुढे काहीही जोडलं नाही. घरी येऊन मला सगळं सांगितलं तेव्हा बूट काढायचेही विसरले होते.

मालकीणबाईंनी पेन खाली ठेवलं. चिडल्या नाहीत. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

"पण तुम्ही तर समाधानी होतात," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कधी एका शब्दाने बोलला नाहीत. मला घरी बोलावलंत, जेवू घातलंत. अचानक असं काय झालं?"

"मी आता डॉक्टर आहे," हे म्हणाले.

"अर्थात. म्हणून तर कोट दिला. परीक्षेसाठी सुट्ट्या दिल्या. पण करार आहे तोच आहे, आणि तो तुम्ही वाचून सही केलीत. संपायला दोन वर्षं आहेत. तेव्हा बघू."

"नवीन डॉक्टरांना..."

"त्याने पहिल्याच दिवशी मागितला," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, मला योग्य वाटेल ते."

मी ऐकत होते. डॉक्टरांनी बुटाच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या.

"मग?"

"मग काय. थँक्यू म्हणालो आणि बाहेर आलो."

सोडून दुसरीकडे जावं, हे आम्हाला सुचलं नाही असं नाही. व्हिसा याच नोकरीला बांधलेला. तरी त्यांनी तीन दवाखाने बघितले. तिन्हीकडे विचारलं, इथला डॉक्टर म्हणून अनुभव किती? मालकीणबाई लेखी देणार तर कराराप्रमाणे देणार, आणि करारात लिहिलंय मदतनीस. एका ठिकाणी मदतनिसाची जागा रिकामी आहे असं सांगितलं, आणि वर अगदी आपुलकीने म्हणाले, तुमचा हात चांगला आहे असं ऐकलंय.

एका संध्याकाळी मी दुकानातून आणलेल्या पँटी खालून दुमडत बसले होते. डॉक्टरांनी कोट आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"उसव."

"काय उसवू?"

"वरची ओळ. आडनाव राहू दे. चुकीचं आहे, पण राहू दे."

"डॉक्टर, काहीतरीच काय. त्या विचारतील."

"विचारू दे. मग सांगतो, करारात होतं तेवढंच ठेवलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चेष्टा करत नव्हते. तालमीत कधी लागला नव्हता तो आवाज आता लागला होता, पण आता तो ऐकायला समोर फक्त मी होते. मी टाके कापायची उसवणी घेतली. मशीनचं भरतकाम उलट्या बाजूने कापावं लागतं, मग सुलट बाजूने दोरे चिमटीत धरून हळूहळू ओढायचे. डॉक्टर बाजूला बसून निळे तुकडे तळहातावर गोळा करत होते, ऑपरेशननंतर टाके मोजतात तसे. अक्षरं गेली. कापडावर सुईची बारीक भोकं राहिली, अक्षरांच्याच आकाराची.

"ही?" त्यांनी विचारलं.

"धुतली की जातील," मी म्हणाले. त्या जाड कापडातून ती जात नाहीत. शिवणातलं ह्यांना काही कळत नाही, ते बरं आहे.

सोमवारी ते तोच कोट घालून गेले. आठवडाभर काचेच्या दारातून आत-बाहेर केलं, मालकीणबाईंच्या समोर उभे राहिले, हत्यारं घेतली, दिली. कुणीही काही विचारलं नाही.

रविवारी व्हिडिओ फोन लावला तर सासूबाईंच्या मागे शेजारच्या दोघी-तिघी बसलेल्या. सासूबाईंचा मोतीबिंदू पिकत आलाय. आमचा चेहरासुद्धा त्यांना आवाजावरून कळतो.

"अरे, तू सांगितलेला तो कोट घालून बस ना. ह्या शेजारणींना दाखवायचाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग उठले, खुंटीवरचा कोट घालून आले आणि हाताची घडी घालून बसले, खिसा झाकून.

"हात काढ की. अक्षरं दिसत नाहीत." आणि शेजारणींकडे वळून म्हणाल्या, "खिशावर तिकडच्या भाषेत डॉक्टर लिहिलंय. निळ्या दोऱ्यात. नीट बघा."

डॉक्टरांनी हात बाजूला घेतले आणि आईला नीट दिसावं म्हणून थोडे पुढे सरकून बसले.