आधी हुकूम देणाऱ्याच्या घरची

आमच्या नियंत्रण कक्षात एक रिवाज आहे. वीज कमी पडून कुठली लाईट घालवावी लागली, तर पहिला नंबर हुकूम देणाऱ्याच्या घराचा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण त्यामुळेच फोनवर शिव्या घालणाऱ्यांशी आम्ही ताठ मानेने बोलतो. माझ्या पाळीत मात्र आमच्याच घरची लाईट आधी जाते; सासूबाई मला घरात घेतात हेच नवल.

नव्या साहेबांनी घर घेतलं ते नेमकं हॉस्पिटलशेजारी. ती लाईन आम्ही कधीच बंद करत नाही. तेव्हापासून माझ्या कपाळाला आठी होती.

काल भर दुपारी वीजकेंद्रातला मोठा संच बंद पडला. ताबडतोब भार कमी केला नसता, तर सगळं शहर अंधारात गेलं असतं. आम्ही सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो.

"माझ्या घरची लाईन बंद करता येणार नाही," ते म्हणाले. मी तोंड उघडणार, तोच पुढे म्हणाले, "माझी सासुरवाडी घ्या."

बटण दाबलं आणि त्यांचा फोन वाजला. सासरे होते, वीजदर ठरवणाऱ्या आयोगाचे माजी अध्यक्ष. साहेबांनी स्पीकर लावला.

"जावईबापू, आमची लाईट गेली."

"हो बाबा, मीच घालवली."

"अडीनडीला राखीव संच ठेवत नाही का तुम्ही?"

"मागितला होता. बसून खाणाऱ्या संचाचा खर्च लोकांच्या बिलात नको, असा निकाल तुम्हीच दिलात."

पलीकडून कागदाने वारा घेतल्याचा आवाज येऊ लागला.