उत्तर खाली

१९९३च्या उन्हाळ्यात सुट्टी संपवून लेक गीता मुलांसोबत मानवतहून औरंगाबादला परतली आणि टीव्हीवरचा गेम आईकडे, सरजाबाईंकडेच राहिला. कॅसेट एकच, रणगाड्यांची. पण त्यात लढाईआधी मैदान आपल्या हातानं रचता यायचं. वीट, पाणी, झाडी, एकेक तुकडा पडद्यावर ठेवायचा. सरजाबाईंना गोळ्या झाडण्यापेक्षा हे रचणंच आवडलं.

अडचण एकच. रचलेलं साठवता येत नव्हतं. लाइट गेली की तासाभराचं काम पुसलं जायचं.

चौथ्यांदा पुसलं तेव्हा त्यांनी रिमोट खाली ठेवून कपाळाला हात लावला. त्यांचे यजमान दिनकरराव मोजणी खात्यातून नुकतेच रिटायर झालेले. त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं.

“काय रचायलीस एवढं?”

“माझं माहेर.”

ते गाव येलदरीच्या धरणात गेलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी त्याची मोजणी करायला दिनकररावच गेले होते, आणि तिथंच दोघांची सोयरीक जुळली होती. ते उठले. कपाटातून चौकटीचा कागद आणि रंगीत पेन्सिली काढल्या. टीव्हीच्या कडेला वर आणि डावीकडं कागदी पट्ट्या चिकटवून तेरा-तेरा आकडे घातले. वीट लाल, पाणी निळं, झाडी हिरवी.

“आता लाइट गेली तर जाऊ दे,” ते म्हणाले. “कागदावर हाय सगळं.”

ते वाचायचे, “रांग चार, चौकट सहा, वीट.” त्या ठेवायच्या. तासाचं काम दहा मिनिटांवर आलं.

मग भांडण झालं.

“मारुती नदीकडं व्हता,” सरजाबाई म्हणाल्या.

“मी साखळी लावून मोजलंय.”

“तुमी आठ दिवस मोजलं. मी सोळा वर्षं राह्यले.”

दिनकररावांनी मारुती खोडून नदीकडं नेला. अरुंद बोळ मात्र चौकटीत बसेनात. बटण दाबता दाबता सरजाबाईंना कळलं की गेममध्ये अर्धी वीटपण असते. त्यांनी नव्या कागदावर प्रत्येक चौकटीचे चार भाग केले.

शेवटी घर उरलं. गेममध्ये ज्या पक्ष्याला रणगाड्यांपासून वाचवायचं, तो पडद्याच्या तळाशी, मधोमध. तो हलत नव्हता. आणि सरजाबाईंचं घर गावाच्या उत्तरेला, म्हणजे कागदावर वर.

“पक्ष्याच्या जागीच घर पाहिजे व्हतं मला,” त्या हळूच म्हणाल्या.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत दिनकररावांनी नकाशात उत्तर खाली कधी काढली नव्हती. त्यांनी कागद हातात घेतला, जरा वेळ बघितला आणि उलटा फिरवला.

“उत्तर खाली घेऊ.”

संध्याकाळपर्यंत गाव उभं राहिलं. पक्ष्याभोवती विटा, शेजारी चिंचेची झाडी, वर नदी. सरजाबाई बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. मग दोघांनी दोन रिमोट घेतले. दिनकररावांचा रणगाडा वळता वळेना. घाईत ते बटण दाबत सुटले. एका गोळ्यानं वीट उडाली, दुसऱ्यानं पक्षी.

“आवो, सासऱ्याच्याच घरावर गोळा!” सरजाबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

खेळ संपला, मैदानही पुसलं गेलं. दिनकररावांनी ओशाळून चष्मा सारखा केला, कागद उचलला आणि पहिल्या रांगेपासून वाचायला घेतलं.