घराण्याची टाच

महिना झाला, ताई भावाच्या मागे लागली होती आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मागणं तरी काय? सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन ये. पण भाऊ आपला मान खाली घालून कामात.

बुटांचं दुकान वडिलांपासूनचं. वरचं चामडं ताई शिवायची, तळ भाऊ ठोकायचा.

"तपासायचं जाड्या माणसांनी," तो म्हणाला. "मी फुंकर मारली तर उडेन."

"आणि मी काय हत्तीण आहे? वर्षभर उकडलेलं खाल्लं, तरी माझं कोलेस्टेरॉल दुप्पट निघालंच ना?"

"ते तुझं झालं."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं होतं. हा दोष ताटातला नव्हे, जन्माचा. यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलता येत नाही, ते साचत जातं आणि हृदयाच्या नळ्या बुजवतं. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. वेळीच गोळ्या सुरू केल्या तर माणूस म्हातारा होऊ शकतो. मग बाईंनी तिच्या टाचेमागची शीर दाबून पाहिली आणि म्हणाल्या, ही गाठसुद्धा त्याचीच.

त्या गाठीला घरात 'घराण्याची टाच' म्हणत. उभ्याने काम करून येते, असं वडील मिशीला पीळ देत सांगायचे. बूट चावू नये म्हणून घरातल्या ज्याला ती गाठ असेल, त्याच्या पायाच्या मापाच्या लाकडी साच्याच्या टाचेवर ते चामड्याची पट्टी चिकटवत. डोळ्यांदेखत रोग वाढत होता आणि हे शहाणे त्याला जागा करून देत होते.

ताई उठली. भिंतीवरचे जुने साचे काढून तिने भावापुढे आपटले.

"हे बाबा. पट्टी आहे. हे थोरले काका. पट्टी आहे. दोघांनी पन्नाशी पाहिली? आणि ही आत्या. पट्टी नाही. अजून जिने चढते आणि वर पोचली की सगळ्यांना फैलावर घेते."

"योगायोग," भाऊ म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

"आता पट्टीवाले आपण दोघंच उरलोय."

"ताई, काम करू दे."

कसलं काम, म्हणून ती वाकली. त्याच्या मांडीवर एक नवा, अरुंद साचा होता. टाचेवर तो चामड्याचा तुकडा चिकटवत होता. गोंद ओलाच होता.

"हा कुणाचा?"

"पोरीचा. ऑफिसचे बूट मागे चावतात म्हणाली." तो किंचित हसला. "बघितलं, तर आपलीच टाच."

महिनाभर बोलून ताईचा घसा बसला होता. तिने बाबांचा साचा उचलून भाचीच्या साच्याशेजारी ठेवला आणि म्हणाली, "चिकटव. नीट दाबून चिकटव."

त्याचा अंगठा पट्टीवर होता, तो तिथेच थांबला. त्याने बाबांच्या साच्याची टाच चाचपली. मग त्याने तो तुकडा ओढून काढला. बोटांना लागलेला गोंद तो पुसत बसला, पण निघेना.

"उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही?"

"चहासुद्धा नाही."

"पोरीलाही?"

ताईला हायसं वाटायला हवं होतं. तिला मात्र हातोडी उचलून त्याच्या टाळक्यात घालावीशी वाटत होती.

"पोरीलाही," ती म्हणाली.