हेस्टरचे वाटाणे

जूनमधली ती इंग्लंडची सोनसळी दुपार. सफरचंदांच्या बागेवरून ओघळणारे, मधमाश्यांच्या गुंजारवाने भारलेले, आळसावलेले ऊन. ते खिडकीतून आत आले आणि हेस्टरच्या रुपेरी केसांवर विसावले. तिच्या मांडीवर वाटाण्याच्या शेंगा होत्या, पायाशी चिनीमातीचे भांडे. टप, टप, टप.

समोर हातात कागद घेऊन तिचा नवरा उभा होता. ॲम्ब्रोज थॉर्नली, निबंधकार, समीक्षक. सारे लंडन त्याच्या लेखणीला वचकून असे. घरात मात्र तो या एकाच न्यायासनापुढे उभा राही. तीस वर्षांचा रिवाज: लेख धाडण्याआधी हेस्टरला वाचून दाखवायचा. ती चांगले म्हणत नसे, वाईट म्हणत नसे. जिथे तिची बोटे थबकत, ते वाक्य तो मुकाट्याने खोडी.

गेल्या हिवाळ्यापासून बोटे थबकलीच नव्हती. स्वारी मनोमन फुलून गेली होती. हात बसला म्हणायचा अखेर! आजचा लेख एका नवख्या कवयित्रीच्या पहिल्यावहिल्या पुस्तकावर होता.

‘या मुलीने शब्दांना हात लावला नसता, तर शब्द सुखात राहिले असते,’ त्याने वाचले. टप, टप, टप.

तोच वळणावर टपालगाडीचा कर्णा वाजला; खणखणीत, आसमंत दुमदुमवणारा. ही गाडी चुकली तर लेख या अंकातून गेला. ॲम्ब्रोज दचकला. कुत्रा भुंकत उठला. हेस्टरने मानसुद्धा वर केली नाही.

तिच्यापुढे गुडघे टेकून, कानाशी ओठ नेऊन तो ओरडला, “हेस्टर, कधीपासून?”

चोरी पकडली गेल्यासारखी ती हसली. “नाताळपासून. सांगितलं असतं तर तुम्ही वाचणं बंद केलं असतं. तुमचे ओठ हलताना बघायची सवय झालीय हो मला.”

त्याला तिची माया आली, आणि स्वतःची लाज. सहा महिने त्याची लेखणी मोकाट सुटली होती, आणि अडवणारे कोणी नव्हते.

कर्णा पुन्हा वाजला. त्याने तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. तिच्या कानाशी तोंड लावून, शब्दाशब्दाला थांबत, त्याने लेख पहिल्यापासून वाचला. ते वाक्य आले. शेंग अर्धीच उकलली होती, आणि अंगठा थबकला.

त्याने कागद गुडघ्यावर ठेवून वाक्य खोडले.

टपालगाडी टेकडीपलीकडे गेली, मागची धूळ खाली बसली, ऊन तिच्या केसांवरून हातांवर उतरले. आणि भांड्यात पडला एक वाटाणा, मग दुसरा, मग टप, टप, टप.